जुने फोटो आणि त्यांतली नावं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला अर्धा तास दिला आहे आणि विषय दिला आहे घरातल्या जुन्या फोटोंचा डिजिटल अल्बम कसा करावा. मी कंप्युटरचा माणूस नाही हे आधीच सांगतो. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी जाड लेजरांवर आणि निम्मी कंप्युटरसमोर. निवृत्तीनंतर वेळ होता, घरात दोन ट्रंका भरून फोटो होते आणि नातवाने स्कॅनर कसा चालवायचा ते शिकवलं. एवढंच माझं भांडवल. पण गेल्या चार वर्षांत घरचे साधारण नऊशे फोटो मी स्कॅन केले, त्यांचे सात अल्बम केले, आणि त्या अनुभवावर बोलतो आहे.

सुरुवात आपल्याच सोसायटीपासून करतो. या स्मरणिकेसाठी समितीने जुने फोटो मागवले तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवशीचा एक फोटो मिळाला. गेटसमोर चौदा माणसं उभी आहेत. मागे प्लास्टर न झालेली भिंत, बाजूला खडीचा ढीग. समितीची मंडळी तीन संध्याकाळी तो फोटो घेऊन घरोघर फिरली. बारा जणांची नावं लागली. डावीकडून पाचवे आणि अगदी उजवीकडचे, या दोघांची नावं लागली नाहीत. एक जण म्हणतात तो बिल्डरचा सुपरवायझर, दुसरे म्हणतात छे, तो दुसऱ्या विंगमध्ये बुकिंग करून नंतर सोडून गेलेला गृहस्थ. सांगू शकले असते असे आपले पहिले सेक्रेटरी आज नाहीत. म्हणजे बघा, पंचवीस वर्षंच झाली आहेत, फोटो चांगला रंगीत आहे, प्रत्येकाचा चेहरा स्वच्छ दिसतो आहे, आणि तरी दोन माणसं हरवली.

बँकेत आम्ही अशाला दावा न केलेली ठेव म्हणायचो. रक्कम आहे, खातं आहे, पण दहा वर्षांत कोणी फिरकलं नाही. अशी रक्कम आता रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत जाते आणि वारस कागदपत्रं घेऊन आला तर ती परत मिळते. फोटोतल्या माणसाच्या बाबतीत कागदपत्रं म्हणजे कुणाची तरी आठवण. ती देणारा माणूस गेला की क्लेम संपला.

म्हणून माझं म्हणणं असं की या कामात स्कॅनिंग हा सोपा भाग आहे. ते पुढच्या वर्षी केलं तरी चालेल, नातू करेल, दुकानदार करून देईल. नावं विचारण्याचं काम मात्र आधी करा. बहुतेक जण उलट करतात. हजार फोटो स्कॅन करून पेन ड्राइव्हमध्ये ठेवतात, फाइलचं नाव 'आयएमजी शून्य शून्य शून्य एक', आणि मग कधीतरी आईला विचारू म्हणतात.

माझी थोरली बहीण कल्याणला राहते. वय शहाऐंशी. आज ती इथे आली आहे, पुढच्या रांगेत बसली आहे, त्यामुळे मला तोलून मापून बोलावं लागेल! तिचं घर तळमजल्यावर, खाडीच्या बाजूला. २६ जुलै २००५ आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नाही. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि इकडे उल्हास नदीने कल्याणपासून बदलापूरपर्यंत काय केलं ते इथल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. ताईच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. फोटोंचे अल्बम कॉटखालच्या लोखंडी ट्रंकेत होते. दोन दिवसांनी ट्रंक उघडली तेव्हा अल्बमची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. वाचले ते फक्त भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या वर टांगलेले तीन फोटो.

त्यातला एक आमच्या थोरल्या भावाच्या मुंजीचा. साल १९५३, कल्याणला पारनाक्याजवळच्या वाड्यात काढलेला. तेरा माणसं. मध्ये दंड घेतलेला बटू, शेजारी आई-वडील, वडिलांच्या मांडीवर रुसून बसलेला चार वर्षांचा मी, मागे काका, आत्या, शेजारी. हा फोटो वाचला खरा, पण ओल लागून काचेला चिकटला होता. इथे एक सूचना देऊन ठेवतो. काचेला चिकटलेला फोटो कधीही ओढून काढू नका. वरचा थर काचेवरच राहतो आणि चेहरे जातात. फ्रेम उघडायची नाही, काचेतूनच फोटो घ्यायचा. दिवसा खिडकीजवळ, पण ऊन थेट पडणार नाही असा ठेवायचा, ट्यूब बंद, फ्लॅश बंद. मोबाइल धरणाऱ्याच्या मागे काळी चादर धरली तर काचेत आपलंच प्रतिबिंब येत नाही. गूगलचं फोटोस्कॅन नावाचं फुकट ॲप आहे, ते एकाच फोटोचे पाच वेगवेगळ्या बाजूंनी फोटो घेतं आणि जोडून चकाकी काढून टाकतं. आम्ही तेच वापरलं.

नातवाने फोटो घेतला आणि ॲपने आपणहून कडा आखल्या. अगदी डावीकडे, माजघराच्या दाराला टेकून, एक अर्धी बाई दिसत होती. एक खांदा, डोक्यावरून घेतलेला पदर, चेहऱ्याची एक बाजू, हातात कसलंसं पातेलं. ॲपची रेघ नेमकी तिच्या अलीकडे होती. नातू म्हणाला, "आजोबा, ही बाहेरच राहू दे ना? ती काही फोटोसाठी उभी नाहीये." मी म्हटलं, थांब, आधी ताईआजीला दाखवू.

पुढच्या रविवारी कल्याणला गेलो. टॅबलेटवर फोटो मोठा करून ताईपुढे धरला आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्डिंगला लावला. ताईने एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. कडेच्या त्या अर्ध्या बाईपाशी आली आणि एकदम म्हणाली, "अरे, ही आत्याबाई! हिचा फोटो आहे आपल्याकडे?" आजोबांची बहीण. पंधराव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी परत आली आणि उरलेलं सगळं आयुष्य त्या वाड्याच्या स्वयंपाकघरात गेलं. मुंज म्हणजे मंगलकार्य, तिने पुढे यायचं नाही. दोनशे पानांचा स्वयंपाक मात्र तिच्या देखरेखीखाली. फोटोग्राफरने काळं कापड डोक्यावर घेतलं तेव्हा ती दारातून बघत होती, एवढंच. ताईने त्या दिवशी चाळीस मिनिटं फक्त तिच्याबद्दल सांगितलं. तिला मोडी वाचता यायचं. दुधाचा हिशेब ती भिंतीवर कोळशाने रेघा मारून ठेवायची आणि तो कधी चुकायचा नाही. आमच्या वडिलांना तिनेच वाढवलं. आणि ताईला तिचं खरं नाव माहीत होतं, जे मी माझ्या पंचाहत्तर वर्षांत ऐकलं नव्हतं. घरात ती सगळ्यांची आत्याबाई. नाव इथे जाहीर सांगत नाही, घरच्या अल्बममध्ये त्या अर्ध्या चेहऱ्याखाली ते लिहिलं आहे. आमच्या घरात तिचा दुसरा फोटो नाही.

तेरापैकी अकरा नावं लागली. काळी टोपीवाला एक गृहस्थ आणि खाली बसलेली एक लहान मुलगी, ही दोन ताईलाही आठवली नाहीत. अल्बममध्ये तिथे आम्ही 'नाव माहीत नाही' असं स्पष्ट लिहिलं आहे. अंदाजाने लिहायचं नाही. बँकेत एक माणूस नोंद करतो आणि दुसरा ती तपासतो, तशी इथेही पद्धत ठेवा. एका म्हाताऱ्याने सांगितलेलं नाव दुसऱ्याला दाखवून घ्या. ताईने एका काकांना दुसरे काका म्हटलं होतं, ते पुण्याच्या चुलतभावाने दुरुस्त केलं. (ताई, रागावू नकोस.)

हल्ली जुन्या फोटोंना रंग भरून देणारी आणि अस्पष्ट चेहरे स्पष्ट करून देणारी ॲप निघाली आहेत. नातवाने मुंजीचा फोटो त्यात घातला. एका मिनिटात रंगीत झाला, घरात सगळे खूश. आत्याबाईंची साडी त्याने छान निळी केली. त्या ॲपला आलवण म्हणजे काय ते कसं कळणार? केशवपन झालेल्या बाईच्या अंगावर तेव्हा लाल आलवण असायचं, तो रंग तिच्या मर्जीचा नव्हता, आणि निळा रंग दिला की ती कोण होती तेच पुसलं जातं. शिवाय चेहरा 'सुधारताना' त्याने वडिलांना भलत्याच कुणाचे तरी डोळे दिले. मजा म्हणून करा, वाढदिवसाला व्हिडिओ करा, माझी हरकत नाही. पण अल्बममध्ये जो फोटो जाईल तो आहे तसा जाऊ दे. डाग असला तर असू दे. मूळ स्कॅनची फाइल वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका. सुधारणा करायच्या त्या कॉपीवर.

आता दुसरी बाजू सांगतो. आमच्या सौ.चं माहेर ठाण्याचं. तिच्या आईकडून आलेला एक डबा आहे, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात दोनशेच्या आसपास फोटो. तिच्यापेक्षा मोठी सगळी भावंडं गेली, मामा-मावश्या गेल्या. त्या डब्यात तीन मुलींचा एक फोटो आहे, आठ-दहा वर्षांच्या, दोन वेण्या, परकर-पोलकी. त्यातली एक तिची आई आहे एवढं नक्की, कारण मागे 'आम्ही तिघी' असं आईच्याच अक्षरात लिहिलं आहे. कोणती, ते सांगणारं आता कोणी नाही. सौ. तो फोटो अधूनमधून काढते, भिंगातून बघते आणि परत ठेवते. कधी मधली वाटते, कधी उजवीकडची. त्या फोटोचं मी उत्तम स्कॅनिंग केलं आहे, ६०० डीपीआयला. त्याचा उपयोग शून्य.

साल ओळखायला मात्र फोटोच मदत करतो, आणि हा भाग मला फार आवडतो. मागे स्टुडिओचा रबरी शिक्का असतो, त्यावर पत्ता असतो. काळ्या-पांढऱ्या छोट्या चौकोनी प्रिंटा असतील, साधारण सव्वादोन इंचाच्या, तर त्या बहुधा ॲग्फा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्याच्या, एका रोलमध्ये बाराच फोटो. म्हणूनच कोणी उगाच फोटो काढत नसे. भिंतीवर कालनिर्णय दिसलं तर फोटो १९७३ च्या आधीचा नाही, कारण कालनिर्णय सुरूच तेव्हा झालं. गच्चीवर टीव्हीचा अँटेना दिसला तर २ ऑक्टोबर १९७२ नंतरचा, कारण मुंबई दूरदर्शन त्या दिवशी सुरू झालं. आमच्या एका वादग्रस्त फोटोचा निकाल कालनिर्णयानेच लावला. मेहुणे १९७० म्हणत होते, भिंतीवरचं पान फेब्रुवारीचं, भिंगाने साल वाचलं तर १९७६.

रेल्वे कल्याणला पोचली १ मे १८५४ ला, आणि त्याच साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. म्हणजे आपल्याकडे ही कला काही कालची नाही. पण सामान्य घरातल्या माणसाचा फोटो त्यानंतर शंभर वर्षं आयुष्यात दोन-तीनदाच निघायचा. म्हणून त्या एकेका फोटोला एवढी किंमत.

आता प्रत्यक्ष काम. फोटोंवरची धूळ मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं लावू नका. बुरशी असली तर पुसू नका, तशीच स्कॅन करा. चिकट पानांचे आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम ऐंशीच्या दशकात सगळ्यांनी घेतले होते, त्यांचा गोंद आता पिवळा पडून फोटो धरून बसला आहे. सहज सुटला तर ठीक, नाहीतर दात साफ करायचा दोरा फोटोमागून हळूच सरकवून बघा, तेही जमलं नाही तर पानासकट स्कॅन करा. स्कॅनर असेल तर पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ३०० डीपीआय पुरतं, लहान फोटोला ६०० ठेवा. काळा-पांढरा फोटोही रंगीत मोडवरच स्कॅन करा. फोटोची मागची बाजूसुद्धा स्कॅन करा, अक्षर आणि शिक्के तिथेच असतात. निगेटिव्ह टाकू नका. मूळ फोटोही टाकू नका. आमच्या ओळखीच्या एका घरात स्कॅन झाले म्हणून मूळ फोटो रद्दीत गेले, याला काय म्हणावं?

फाइलला नाव द्या: साल, प्रसंग, गाव, क्रमांक. '१९५३ मुंज कल्याण ०१'. साल माहीत नसेल तर 'अंदाजे १९६०'. मूळ फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. रंगीत फोटोंच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, ते फोटो पाकिटात घालून पाकिटावर लिहा.

अल्बमसाठी काही खास शिकावं लागत नाही. पॉवरपॉइंट किंवा गूगल स्लाइड्स घ्या. एका पानावर एकच फोटो, खाली डावीकडून उजवीकडे नावं, आणि त्याखाली चार ओळी: हा प्रसंग काय होता, कोण सांगतंय. फुलं, वेलबुट्ट्या, हृदयाच्या आकाराच्या चौकटी टाळल्या तर बरं, पण ही माझी आवड. मराठी टायपिंग येत नसेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, टाइप होतं. आडनावं मात्र वाट्टेल ती लिहितो, तेवढं तपासा. झालं की पीडीएफ करून नातेवाइकांना पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर तो लहान करून पाठवला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फेसबुकवर टाकण्याआधी फोटोतल्या हयात माणसांना विचारा. लग्नाच्या फोटोत जोड्या असतात, पुढे सगळ्या जोड्या टिकतातच असं नाही. एका अल्बममध्ये मी कात्रीने कापलेला चेहरा पाहिला आहे. घरच्या प्रतीत माणूस राहू द्या, नावही राहू द्या, पण गावभर नको.

कुटुंबाचा एक फोटो आणि त्यामागची गोष्ट एवढ्यावर किती मोठं काम उभं राहतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. अनुशा यादव यांनी २०१० मध्ये इंडियन मेमरी प्रोजेक्ट सुरू केला. देशभरातल्या घरांतले जुने फोटो, आणि प्रत्येकाखाली त्या घरातल्या माणसाने सांगितलेली हकिकत. सवड काढून इंटरनेटवर बघा. राजे-महाराजे कमी, आपल्यासारखी घरं जास्त. हकिकत वाचली की अनोळखी चेहरासुद्धा ओळखीचा वाटतो.

जपणुकीबद्दल थोडं. एक प्रत कंप्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, मुलीकडे, भावाकडे. एकाच घरातल्या तीन प्रती म्हणजे एकच प्रत, हे २००५ ने कल्याणकरांना शिकवलं आहे. गूगलवर ठेवलं तर लक्षात घ्या, १ जून २०२१ पासून फोटोही पंधरा जीबीच्या फुकट जागेत मोजले जातात, आणि दोन वर्षं खातं वापरलं नाही तर ते बंद करून आतलं सगळं पुसण्याचा हक्क कंपनीने ठेवला आहे. तिथे नॉमिनेशनची सोय आहे, तिचं नाव 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'. तुम्ही ठरवाल तितके महिने खातं बंद राहिलं की तुम्ही नेमलेल्या माणसाला आतला मजकूर मिळू शकतो. एफडीला नॉमिनी लावा म्हणून मी ग्राहकांच्या मागे आयुष्यभर लागलो, आता फोटोंसाठी तुमच्या मागे लागतो. आणि कागदावर एक प्रत छापून घ्याच. ताईच्या वयाच्या माणसाला पीडीएफ उघडता येत नाही, पुस्तक उघडता येतं. आमच्या मुंजीच्या अल्बमची छापील प्रत तिच्या उशाशी असते.

कमिटीने माझी एक विनंती मान्य केली आहे. येत्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा माझा स्कॅनर सोसायटीच्या ऑफिसात असेल. नववी-दहावीतली चार मुलं मदतीला तयार झाली आहेत. एका वेळी वीसच फोटो आणा, मूळ फोटो तिथल्या तिथे परत मिळतील. फोटो कोणाचे ते सांगू शकेल असं घरातलं वडीलधारं माणूस सोबत आणा. लिफ्ट नसलेल्या विंगमधल्या आजी-आजोबांना उतरणं जमत नसेल तर मुलं मोबाइल घेऊन वर येतील. आणि नोंदणीच्या दिवसाचा तो फोटो ऑफिसच्या भिंतीवर लावला आहे. डावीकडून पाचवे आणि अगदी उजवीकडचे, कोणाला ओळखता आले तर शेजारी ठेवलेल्या वहीत लिहा, आणि खाली तुमचा फ्लॅट नंबर टाका, म्हणजे तपासायला येता येईल.